हिंगमिऱ्यांचा समुद्र

"आज कोणता प्राणी आलाय?" आमचे मुख्य उपसंपादक नाना गुर्जर यांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

तार माझ्या हातात होती. "मॅमथ," मी म्हणालो. "आणि पुढं एक गॅलक्सी आहे."

"कशाबद्दल?"

"खरेदी-विक्री संघाच्या चेअरमनांचा वाढदिवस. मॅमथ क्राउड जमला होता आणि मंचावर गॅलक्सी ऑफ लीडर्स होती."

"म्हणजे मांडवात शंभरेक माणसं आणि मंचावर पाच खुर्च्या. त्यातली एक मोडकी." नानांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. "दोन ओळी कर. आकाशगंगा गाळ."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसलो. वडशिंगीहून हिंगमिऱ्यांची तार आली की संध्याकाळच्या पाळीला थोडी करमणूक होई.

त्या काळी आमच्या पुण्याच्या दैनिकाचे तालुक्याचे वार्ताहर बातम्या तारेनं पाठवत, आणि तार इंग्रजीत असे. तालुक्याच्या तारघरात मराठी अक्षरं जात नसत. वार्ताहर डोळ्यांनी मराठीत पाहायचा, इंग्रजीत पाठवायचा आणि आम्ही ते परत मराठीत आणायचो. बाकीच्यांच्या तारा वाळल्या लाकडासारख्या असत: कोण आलं, काय बोललं, किती वाजता संपलं. हिंगमिरे तसे नव्हते. भीमेच्या काठी वडशिंगीत त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. इंग्रजी त्यांनी श्रुतलेखनाच्या पुस्तकांतून आणि रद्दीतल्या इंग्रजी पेपरांतून कमावलं होतं, आणि गर्दी म्हटली की त्यांना भरतं येई. साधी गर्दी त्यांना ठाऊकच नव्हती. कुस्त्यांना सी ऑफ ह्युमॅनिटी लोटे, म्हणजे माणसांचा समुद्र. भजनी मंडळांची आर्मी येई. सभेत हात वर झाले की फॉरेस्ट ऑफ हँड्स, हातांचं जंगल. शाळेच्या स्नेहसंमेलनात सुद्धा एकदा सर्जिंग मल्टिट्यूड उसळला होता.

आमच्या टेबलावर त्याचा भाव ठरलेला होता. हिंगमिऱ्यांचा समुद्र म्हणजे तळं. मॅमथ म्हणजे म्हैस. फक्त 'क्राउड' असेल तर समजायचं की वार्ताहर आणि सतरंजी उचलणारा, एवढेच शेवटपर्यंत होते. नवा उपसंपादक आला की नाना त्याला हा हिशेब तोंडपाठ करून घेत.

असाच एक नवा मुलगा चुकला. शेळीबाजाराच्या बातमीत हिंगमिऱ्यांनी टीमिंग मिलियन्स घातले होते. त्यानं 'लाखोंचा जनसमुदाय' असं भाषांतर करून थेट छापायला दिलं. चौथ्या दिवशी एका वाचकानं कळवलं, की तालुक्यातली सगळी माणसं आणि सगळ्या शेळ्या एकत्र मोजल्या तरी लाखो होत नाहीत.

संपादकांनी मला बोलावलं. मी त्याच आठवड्यात चुलतभावाच्या साखरपुड्याला सोलापूरला निघालो होतो.

"वाटेत वडशिंगीला उतरा," ते म्हणाले. "सांगा त्यांना, आपण वर्तमानपत्र काढतो, सर्कस नाही. गोड शब्दांत सांगा. माणूस जुना आहे."

दिवाळी होऊन गेली होती. एसटीनं मला वेशीवर उतरवलं, आणि इन्स्टिट्यूट कुठे हे विचारावं लागलं नाही. टाइपरायटरचा कडकडाट चावडीपासून ऐकू येत होता. आत दहा-बारा पोरं माना खाली घालून बडवत होती. एकाच्या कागदावर मी डोकावलो. ओळीखाली ओळ, एकच मजकूर: अ सी ऑफ ह्युमॅनिटी, अ सी ऑफ ह्युमॅनिटी.

"बोटांना चांगला व्यायाम होतो," मागून आवाज आला. पांढरं धोतर, काळा कोट, कपाळाला भस्म. "मी पंचाक्षरी हिंगमिरे. तुम्ही आष्टेकर ना? पेपरातून आलात. या, या! आज आमच्याकडं पुणं आलं म्हणायचं."

जेवायला घरी नेलं. घर इन्स्टिट्यूटच्या मागेच, नदीकडे तोंड करून. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि मुलगी गौरा. गौरा पलीकडच्या तीरावर हिवरगावच्या शाळेत शिक्षिका होती, आणि त्या दिवशी शाळा सकाळची होती. भाकरी थापता थापता ती माझी चौकशी करत होती, आणि बापाची फिरकी घेत होती.

"अप्पांच्या क्लासमधल्या पोरांना धड रजेचा अर्ज लिहिता येत नाही," ती म्हणाली. "पण सर्जिंग मल्टिट्यूड डोळे झाकून मारतात."

"येईल, अर्जही येईल," हिंगमिरे म्हणाले.

"मागच्या महिन्यात मला बघायला पाहुणे आले होते. चार माणसं. अप्पा शेजारच्या काकूंना म्हणाले, डेलिगेशन आलंय."

"होतंच ते डेलिगेशन."

"मग परत का गेलं डेलिगेशन? नदी बघून गेलं. पोरगी रोज काहिलीत बसून नदीपार नोकरीला जाते म्हटल्यावर उठलेच."

ताटावरून उठल्यावर मी विषय काढला. गोड शब्द मला सापडले नाहीत. संपादकांचा निरोप मी बराचसा तसाच सांगितला, फक्त सर्कस वगळली. हिंगमिरे सुपारी कातरत ऐकत राहिले. रागावले नाहीत.

"साहेब, वडशिंगीत होतं काय?" ते म्हणाले. "शेळीबाजार, कुस्त्या, चेअरमनचा वाढदिवस. मी हत्ती पाठवतो तेव्हा तुम्ही शेळी छापता. मी शेळीच पाठवली तर काय छापाल?"

"शेळी पाठवा, शेळीच छापू," मी म्हणालो. "जे दिसेल ते लिहा. आम्ही त्यावर विश्वास ठेवू."

"ठेवाल?"

"ठेवू."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "चला, तुम्हाला नदी दाखवतो."

भीमेला अजून बरंच पाणी होतं. उतारावर अंबादास कोळ्याची काहील लागलेली होती. गूळ करताना उसाचा रस आटवायची ती भली थोरली पसरट लोखंडी कढई. तीच इथली नाव. पलीकडून नुकतीच आली होती. एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन उतरली, मग एक म्हातारा, मग शाळेच्या दप्तरांसकट तीन मुली. काहिलीला पुढचं टोक नसतं आणि मागचंही नसतं. अंबादास वल्ह्यानं ढकली तसतशी ती स्वतःभोवती गरगरत यायची.

"गौरा रोज दोनदा बसते हिच्यात," हिंगमिरे म्हणाले. "पावसाळ्यात नदी चढली की मी दारात उभा राहतो. ती पोचली की पलीकडून पांढरा रुमाल हलवते. मग मी आत जाऊन पोरांना शिकवायला घेतो."

मग त्यांनी पुलाची गोष्ट सांगितली. भीमेवर या भागात एक पूल मंजूर झाला होता आणि जागा दोन होत्या. एक वडशिंगी. दुसरी वर नऊ मैलांवर, साखर कारखान्याजवळ. कारखान्याला उसाच्या गाड्या पलीकडून आणायच्या होत्या. बांधकाममंत्री नागपूरच्या अधिवेशनाआधी कागदावर सही करणार होते, येत्या बुधवारी. आणि मंत्री सकाळी उठून पहिल्यांदा आमचा पेपर वाचतात, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं.

"कारखान्याकडं वजन आहे," हिंगमिरे म्हणाले. "आमच्याकडं माणसं आहेत. मंगळवारी सकाळी दोन्ही तीरांची माणसं पात्रात उतरणार. या काठापासून त्या काठापर्यंत, हाताला हात धरून. जिथं पूल पाहिजे, तिथंच उभी राहणार. मध्ये खोल आहे, तिथं काहिली एकमेकींना बांधायच्या आणि त्यांत उभं राहायचं."

"येतील एवढी माणसं?"

"काय माहीत." ते पाण्याकडे बघत होते. "साहेब, आली तर त्याला काय म्हणू?"

"जे दिसेल ते," मी पुन्हा तेच म्हणालो.

मंगळवारी संध्याकाळी मी कामावर होतो. डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारा अंक, लवकर सुटत असे. सकाळी मंत्र्यांच्या टेबलावर जायचा तो तोच. त्या दिवशी मुंबईत एका मोठ्या गिरणीला आग लागली होती आणि पहिलं पान तिनं खाल्लं होतं. वडशिंगीची तार आली तेव्हा शेवटची पानं जुळवणं चाललं होतं.

तार एवढीच होती. दोन्ही तीरांचे लोक, जिथं पूल हवा तिथं, नदीत या काठापासून त्या काठापर्यंत उभे राहिले. दुपारपर्यंत उभे होते. आणि शेवटी दोन शब्द: ऑल केम. सगळे आले.

मी ती नानांपुढे ठेवली. त्यांनी वाचली, उलटून पाठीमागे काही आहे का पाहिलं.

"समुद्र नाही?"

"नाही."

"मॅमथ नाही, आर्मी नाही, साधा क्राउडसुद्धा नाही." नानांनी तार माझ्याकडे सरकवली. "पन्नास माणसं आली असती तरी या माणसानं महासागर आणला असता. कोणी फिरकलंच नाही, आष्टेकर. बिचाऱ्याला लाज वाटली असेल."

"नाना, मीच त्यांना सांगून आलोय, साधं लिहा म्हणून."

"मग ऐकलं त्यानं. चांगलं झालं."

"पण ऑल केम म्हणतायत ते."

"ऑल म्हणजे कोण? त्याचं घर? इन्स्टिट्यूट? आकडा आहे कुठं?" नाना चिडले नव्हते, घाईत होते, आणि त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं. "आतल्या पानावर चार ओळी. शीर्षक एका ओळीत."

मी वडशिंगीला ट्रंक कॉल लावला. गावात फोन दोनच, एक पोस्टात आणि एक खरेदी-विक्री संघात. पोस्ट बंद झालं होतं. संघाचा फोन कोणी उचलेना. पान बांधायला निघालं तसं मी रिसीव्हर ठेवला आणि चार ओळी लिहिल्या. 'पुलासाठी नदीपात्रात निदर्शने.' शेतकी बाजारभावांच्या खाली त्या बरोबर बसल्या.

बुधवारी पूल कारखान्याला मिळाला. वडशिंगीची मागणी तीव्र असल्याचं दिसून आलं नाही, असं मंत्री पत्रकारांना म्हणाले.

शनिवारी दूध संघाचे एक अधिकारी जाहिरात द्यायला आमच्या कचेरीत आले. पैसे भरून झाल्यावर त्यांनी विचारलं, "वडशिंगीची बातमी कोणी लिहिली हो?"

मी मान वर केली.

"मी मंगळवारी दुधाच्या गाडीतून त्या बाजूनं येत होतो. वाटेत गावंच्या गावं रिकामी. एका घराला कडी नाही, दार सताड उघडं, आत माणूस नाही. मला वाटलं साथ आली काय. मग नदीवर आलो." ते थांबले. "बाळंतिणी होत्या हो पाण्यात. खांद्यावर म्हातारे घेतले होते लोकांनी. या तीरापासून त्या तीरापर्यंत चार-चार पदरी रांग, आणि एक आवाज नाही. घोषणा नाही. तो खरेदी-विक्री संघाचा चेअरमन, कधी गाडीतून खाली न उतरणारा, तोसुद्धा छातीएवढ्या पाण्यात. माझा ड्रायव्हर गाडी सोडून उतरला आणि जाऊन उभा राहिला. मग मीही उतरलो."

नाना आपल्या जागेवरून ऐकत होते. त्या दिवसापासून नव्या मुलांना त्यांनी तो हिशेब शिकवला नाही.

पुढच्या श्रावणात एका सकाळी वडशिंगीच्या उतारावर काहील उलटली. तार हिंगमिऱ्यांचीच होती, दोन ओळींची. काहील उलटली, एक विद्यार्थिनी बुडाली, नाव अमुक, वय अकरा. शिक्षिका वाचली. शिक्षिकेचं नाव तारेत नव्हतं. नानांनी ती स्वतः मराठीत केली आणि पहिल्या पानावर घेतली. वाचलेल्या शिक्षिकेचं नाव विचारायला त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

गौरा पुन्हा काहिलीत बसली नाही. हिवरगावच्या शाळेवर पावसाळ्यात जायला दुसरं कोणी तयार होईना, तेव्हा शाळा चार-चार महिने बंद राहू लागली. हे मला पुढं तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. हिंगमिरे वार्ताहर राहिले. त्यांच्या तारा आता इतरांसारख्याच असत. आमच्या टेबलावर त्यांच्यावर कोणी हसत नसे, कारण हसण्यासारखं त्यांत काही उरलं नव्हतं.

वडशिंगीला पूल झाला तेव्हा नाना निवृत्त होऊन वारलेही होते आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसत होतो. उद्‌घाटनाला आमच्याकडून कोणाला पाठवायचं असा विषय निघाला. मी जातो, मी म्हणालो.

समारंभ लहानच झाला. कारखान्याभोवती एव्हाना बाजारपेठ, कॉलेज, दवाखाना उभं राहिलं होतं, आणि दोन्ही तीरांची निम्मी माणसं तिकडे राहायला गेली होती. मांडवातल्या मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मंत्री दुसरेच होते. त्यांनी फीत कापली, नारळ फोडला आणि जेवणाआधी निघून गेले.

हिंगमिरे काठी टेकत माझ्या शेजारी उभे होते. कोट तोच होता, आता खांद्यावरून उतरत असलेला.

"आज काय लिहिणार?" मी विचारलं. "आज तुम्ही समुद्र लिहा, सर. जसाच्या तसा छापतो. माझ्या हातात आहे आता."

ते हसले. "थोडे लोक उपस्थित होते, असं लिहिणार."

आम्ही पुलावरून चालत निम्म्यापर्यंत गेलो. खाली पाणी संथ होतं. इतक्या वर्षांत जे बोलायचं राहिलं होतं ते मी बोललो.

"मी त्या दिवशी आलोच नसतो, तर बरं झालं असतं. तुम्ही नेहमीसारखं लिहिलं असतं. नानांनी तळं समजून का होईना, दोन कॉलम दिले असते."

हिंगमिरे थांबले. "तुम्ही सांगितलं म्हणून मी साधं लिहिलं, असं समजत होतात तुम्ही?"

"मग?"

"छे हो. तुमचं मी कशाला ऐकतोय! तारघरात जाईपर्यंत ठरवलं होतं, आज कसर ठेवायची नाही. अंग ओलंचिंब होतं, कागदावर पाणी गळत होतं. मास्तर म्हणाला, लवकर करा. मी लिहिलं, अ सी. आणि हात थांबला. सी तर कुस्त्यांना दिला होता. आर्मी भजनी मंडळाला दिली होती. मॅमथ, तो चेअरमनच्या वाढदिवसाला, महिनाही झाला नव्हता. एकेक आठवून बघितला. सगळे उष्टे होते साहेब. जे मी नदीत बघून आलो होतो त्याच्यापुढं उष्टं कसं ठेवू?" त्यांनी काठी कठड्याला लावली. "शेवटी दोनच शब्द राहिले. ते कधी वापरायची वेळच आली नव्हती."

मी कठड्याची काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

परत येताना हिंगमिऱ्यांच्या घरावरून आलो. दार नदीकडेच होतं. इन्स्टिट्यूट आता गौरा चालवत होती. केस पिकले होते, कानावर पेन्सिल होती. आत पोरं बडवत होती. मी डोकावलो, तर कागदावर ओळीखाली ओळ रजेचा अर्ज होता.

"चहा टाकते," ती म्हणाली. "लोक होते का हो बऱ्यापैकी?"

"बेताचेच," मी म्हणालो.

हिंगमिरे ओट्यावर टेकले. "गौरा, उजेड आहे तोवर एकदा जाऊन ये. मी बसतो पोरांपाशी. दोन मिनिटांत पलीकडं पोचशील. पूल बघून तरी ये."

तिनं एकदा नदीकडे पाहिलं. मग पदरानं हात पुसले आणि स्टोव्ह पेटवायला वळली.

"पूल मी बघितलाय, अप्पा," ती म्हणाली. "सगळे आले होते."